तळ्याकाठचा पंधरवडा

गणपती गेले की आमच्या भागात दोन-तीन दिवस कुणालाच काही सुचत नाही. मांडवाचे बांबू उतरवून रस्त्याच्या कडेला रचलेले असतात, गटाराच्या झाकणांवर गुलाल चिकटून राहिलेला असतो, आणि ढोलांना सरावलेल्या कानांना शांतता नकोशी होते. पाऊस संपलेला नसतो, पण त्याचा जोर गेलेला असतो. सकाळी ऊन, दुपारी एखादी सर, आणि संध्याकाळी मुलुंडच्या मागचे डोंगर इतके धुतलेले दिसतात की आपण कुठल्या गावात राहतो याचा क्षणभर विसर पडतो. मग पितृपक्ष लागतो. गच्च्यांवर पानं मांडली जातात, कावळ्यांना हाका सुरू होतात, आणि माणसं हातात पिशव्या घेऊन पाणी शोधत निघतात.

यंदाही शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी बराच वेळ कावळ्याला बोलावत होतं. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. या खिडकीतून पूर्वी सबंध तळं दिसायचं. आता मधे एक उंच इमारत आली आहे, तिच्या आणि आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या फटीतून पाण्याचा एक कोपरा तेवढा दिसतो. चहा निवला तरी मी त्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. वर्षभर मला तळं आठवत नाही असं नाही, पण या पंधरा दिवसांत ते घरात येऊन बसतं.

शुभा, माझी बायको, लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिनं सगळ्यात आधी ही खिडकी उघडली होती. खिळे गंजले होते, तावदान अडकलं होतं. तिनं लाटण्यानं ठोकून ते मोकळं केलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही सांगितलं नाहीत, इथं गोडं पाणी आहे ते."

मला हसू आलं होतं. मुंबईत वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे नळ. तो सकाळी येतो आणि जातो, तेवढंच. पाण्याला चव असते, जात असते, हे मला शुभामुळे कळलं. ती कुडाळच्या अलीकडच्या एका गावातली, समुद्रापासून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याशी. त्यांच्या घरामागे विहीर होती. तिच्या तोंडी खारं पाणी, मचूळ पाणी, जड पाणी असे शब्द सहज यायचे, आणि 'गोडं' म्हणताना तिचा आवाज जरा खाली यायचा, घरातल्या कुणाचं नाव घ्यावं तसा.

तळं तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. कधीकाळच्या गावाचं ते पाणी. गाव गेलं, चाळी आल्या, चाळी गेल्या, इमारती आल्या, तळं तिथंच. एका बाजूला झिजलेल्या दगडी पायऱ्या, दुसऱ्या बाजूला पाणकणसाचं रान. भाद्रपदात ते काठोकाठ भरलेलं असायचं आणि जलपर्णीला फिकी जांभळी फुलं यायची. जलपर्णी वाईट, हे शुभालाच ठाऊक होतं, ती सांगायचीही सगळ्यांना, पण फुलं आली की दोन दिवस तीसुद्धा काही बोलायची नाही. पाणकणसातून जांभळ्या रंगाच्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत चालायच्या. खंड्या विजेच्या तारेवर बसायचा. पाणकावळे पंख पसरून वाळवत असायचे, आणि केतकी, आमची मुलगी, लहान असताना म्हणायची, "आई, त्याला बनियन वाळत घालायला दोरी नाही का?"

संध्याकाळी आम्ही तिघं पायऱ्यांवर बसायचो. शुभा शेंगा आणायची. टरफलं मात्र परत पिशवीत भरून घरी यायची. मी एकदा कंटाळून चार टरफलं पाण्यात टाकली तर तिनं काही न बोलता साडी वर खोचली, शेवटच्या पायरीवर उतरली आणि ती वेचून आणली. पुन्हा मी तसं केलं नाही.

केतकी नोकरीला लागली त्या सुमाराला एका भाद्रपदात तळ्यातले मासे मेले. सकाळी खिडकी उघडली तर वास आला. आम्ही खाली गेलो. पायऱ्यांच्या कडेनं पांढरी पोटं वर करून मासे पडले होते, आणि जे जिवंत होते ते पाण्याच्या वर तोंड काढून नुसती उघडझाप करत होते. त्यांच्यात आणि आमच्यात झेंडूच्या कुजलेल्या हारांचा जाड थर होता. दुर्वा, केळीची पानं, अगरबत्तीचे पुडे, थर्माकोलची मखरं. शुभा घरी शिकवण्या घ्यायची, तिसरी-चौथीची मुलं. त्यांना समजावं तसं तिनं मला सांगितलं, "फुलं कुजताना पाण्यातली हवा खातात. माशांना उरत नाही." मग तिनं तोंडाला पदर लावला आणि ती वर निघून गेली.

दुसऱ्या वर्षीपासून ती पितृपक्षाचे पंधरा दिवस सकाळी पायऱ्यांवर उभी राहायला लागली. हातात गोणपाटाची पोती, बस्स. फलक नाही, मंडळ नाही. कुणी निर्माल्य घेऊन आलं की पुढं व्हायचं आणि म्हणायचं, इकडं द्या. त्याचं खत ती सोसायटीच्या मागच्या खड्ड्यात करायची. पिंड असतील तर पायरीवर ठेवू द्यायची, कावळ्यांसाठी. पाण्यात मात्र काही नाही.

मी ऑफिसला जाताना तिचं बोलणं ऐकत पुढं जायचो. स्कूटरवरून एक गृहस्थ आले, गाडी बंद न करताच प्लास्टिकची पिशवी गरगरा फिरवायला लागले.

"काका, पिशवीसकट टाकताय?"

"देवाचं आहे हो, पायाखाली यायला नको."

"पायाखाली नको, आणि माशांच्या तोंडात चालेल?"

"इतकी वर्षं टाकतोय, तळ्याला काय झालं?"

"नदी असती तर वाहून गेलं असतं, काका. समुद्र असता तर जिरलं असतं. तळं कुठं जाणार? त्याला दिलं ते त्याच्याच पोटात राहतं. द्या इकडं."

बहुतेक लोक द्यायचे. काही भांडायचे, एक-दोघांनी शिव्या घातल्या. संध्याकाळी ती मला त्या शिव्या जशाच्या तशा ऐकवायची आणि वर म्हणायची, "जेवायला बसा, आमटी निवतेय." तिच्या रागाला घरी जागा नव्हती. तो ती तळ्यावरच ठेवून यायची.

फक्त एकदाच तिला जेवण गेलं नाही.

त्या दिवशी रविवार होता म्हणून मीही तिच्याबरोबर होतो. मागच्या वस्तीतल्या दोन बहिणी आल्या. चाळिशीच्या असाव्यात. मोठीच्या हातात लाल फडक्यानं बांधलेलं मडकं होतं. त्यांच्या वडिलांच्या अस्थी. वडील याच पायऱ्यांवर रोज संध्याकाळी बसायचे, म्हणाली ती. आम्ही त्यांना पाहिलंही होतं, टोपीवाले, हातात छोटा रेडिओ असायचा. नाशिकला जायला त्यांना जमत नव्हतं, आणि जमलं असतं तरी वडिलांची जागा हीच, असं दोघींचं म्हणणं.

शुभा हातातल्या पोत्याची घडी घालत राहिली. मला वाटलं, ती आज बाजूला होईल. राखेनं काय एवढं होणार? मी तिच्याकडे तसं बघितलंही.

"ताई, मला कळतंय," ती शेवटी म्हणाली. "पण आज तुम्हाला हो म्हटलं तर उद्या कुणालाच नाही म्हणता येणार नाही. प्रत्येकाचं माणूस त्याला तेवढंच असतं."

धाकटी रडायला लागली. मोठी म्हणाली, "तुमचं तळं आहे का हे?"

"नाही," शुभा म्हणाली. "माझं नाही."

त्या गेल्या. कुठं गेल्या, आम्हाला कधी कळलं नाही. दुपारी शुभा पानावर बसली आणि भात चिवडत राहिली. मी म्हटलं, "जाऊ दे गं. बरोबरच केलंस."

"बरोबर केलं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तेच बोचतंय."

पुढच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त, मग अल्सर, आणि मग डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. कॅन्सरचं नाव निघाल्यावर पुढचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पाऊस. त्या वर्षी तो लागला की थांबतच नव्हता. शुभाचा पलंग आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणला होता, दार उघडं ठेवलं की तिला खिडकी दिसायची. पाऊस एवढा की खिडकीतून पांढऱ्या धुरापलीकडे काही दिसत नसे. ती विचारायची, "भरलं का?"

"भरत आलंय."

"पायऱ्या किती उरल्या?"

मी खाली जाऊन बघून यायचो आणि तिला सांगायचो. कधीकधी न बघताच सांगायचो आणि तिला ते कळायचं.

शेवटच्या आठवड्यात ती केतकीला म्हणाली, "मला तळ्यावर ने."

केतकीनं माझ्याकडे बघितलं. खाली चिखल होता, तिला खुर्चीत बसवलं तरी वेदना सोसल्या नसत्या. मी म्हटलं, पाऊस थांबला की नेऊ. शुभानं मान हलवली. मग तिला बहुतेक वेळ गुंगीच असायची. त्या वर्षी आमच्याकडे गणपती बसले नाहीत. बाहेर ढोल वाजत होते, आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली. पाऊस थांबला तो त्यानंतर तीन-चार दिवसांनी.

अस्थी घरात आणत नाहीत. स्मशानातल्या कपाटात मडकं ठेवून, किल्ली घेऊन आम्ही घरी आलो. शुभाचे थोरले भाऊ, बाळादादा, कुडाळहून रात्रीच्या गाडीनं आले होते. सगळे दमलेले होते, कुणी धड बसत नव्हतं, कुणी धड उभं राहत नव्हतं. केतकी म्हणाली, "बाबा, आईला उद्या तळ्यावर नेऊया."

मी हातातली किल्ली टेबलावर ठेवली.

"ती मला म्हणाली होती. तू ऐकलंस. मला तळ्यावर ने, असं म्हणाली होती."

"तिला बाहेर जायचं होतं गं. जिवंतपणी."

"तुला काय माहीत? तिनं तसं म्हटलं का?"

बाळादादा मधे पडले. "तां काय तरीच नको गो बाय," ते म्हणाले. "डबक्यात खंय सोडतंत? अस्थी माका देवा, मी तिका घराकडे नेतंय. आमच्या न्हयत सोडूया."

"डबकं नाही ते, मामा," केतकी म्हणाली, आणि रडायला लागली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, सांग ना मामाला. तू तरी सांग."

तिला वाटलं होतं मी तिच्या बाजूनं बोलेन. घरातली तिसरी खुर्ची रिकामी झाल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो, आणि तिनं माझ्याकडे हात पुढं केला होता. मी म्हणालो, "तळ्यात नाही. नदीतही नाही. दादा, तुमच्या नदीवर खाली पाण्याची योजना आहे, गाव पितं ते पाणी. समुद्रात सोडू."

बाळादादांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तुमची बायल. तुमी म्हणशात तां." केतकी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

समुद्र म्हणजे माझ्यासाठी गोराई, कारण होडीवाला माणूस मला तेवढाच ठाऊक होता. ऑफिसातला माझा मित्र डॉमनिक गोराईचा, त्याच्या चुलतभावाची मासेमारीची होडी होती. मी फोन केला. तो म्हणाला, "तू ये. बाकी मी बघतो."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी डॉमनिकनं आम्हाला त्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं. बोरिवलीच्या बाजूनं लाँचनं खाडी ओलांडायची, पाचेक मिनिटांचं पाणी. तेवढ्यात शुभाला उलटी झाली. पलीकडे उतरल्यावर ती दगडावर बसून म्हणाली, "ह्या पाण्याला थांबायचं कसं ते माहीतच नाही." नंतर ती कधीच समुद्राकडे आली नाही. केतकीला लहानपणी जुहूला मीच न्यायचो.

गाडीत केतकी माझ्या शेजारी मांडीवर मडकं धरून बसली होती. बोरिवलीला पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. जेट्टीवर उतरल्यावर म्हणाली, "आईला इथं उलटी झाली होती, बाबा."

"हो."

"तिला खारं पाणी आवडायचं नाही."

"माहीत आहे मला."

"आणि तरीही."

मी हो म्हणालो. होडी खाडीच्या तोंडापर्यंत गेली, पुढं पाणी उघडं झालं आणि लाटा लागायला लागल्या. डॉमनिकच्या चुलतभावानं इंजिन बंद केलं आणि आमच्याकडे पाठ करून बसला. केतकीनं फडकं सोडलं. आम्ही दोघांनी मिळून मडकं वाकवलं. राख थोडी पाण्यात गेली, थोडी वाऱ्यानं होडीत परत आली आणि माझ्या बाहीला लागली. बाळादादांनी हात जोडले आणि बहिणीला तिच्या लहानपणच्या नावानं हाक मारली. मला ते नाव ठाऊकच नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ते कधी निघालं नव्हतं.

त्यानंतर केतकी बोरिवलीलाच मैत्रिणीकडे राहायला गेली. ऑफिस जवळ पडतं, म्हणाली. फोन करायची. जेवलास का, गोळी घेतलीस का. तेवढंच बोलायची.

त्या पंधरवड्यात मी एकदा पायऱ्यांवर गेलो. घरात पोती तशीच घडी करून ठेवलेली होती. तळं काठोकाठ भरलं होतं, तिनं विचारलं असतं तर एकही पायरी उरली नाही असं मी खरं सांगू शकलो असतो. पायऱ्यांच्या कोपऱ्यात झेंडूचा थर साचायला लागला होता. एक बाई निर्माल्याची पिशवी घेऊन आल्या. मी पोतं पुढं केलं. 'इकडं द्या' म्हणायचं राहूनच गेलं. त्यांनी आपणच पिशवी पोत्यात रिकामी केली, पिशवीची घडी घातली आणि विचारलं, "बाई कुठं आहेत? दरवर्षी असतात."

"गावाला गेल्यात," मी म्हणालो.

"आल्या की सांगा, मी पाण्यात नाही टाकलं म्हणून."

सांगतो म्हटलं. त्या गेल्यावर मी पोतं उचलून घरी आलो आणि पुन्हा तिथं उभा राहिलो नाही. मला वाईट वाटतं, पण ते मला जमणारं नव्हतं. परक्या माणसाच्या दुःखापुढं उभं राहून नाही म्हणायला जे लागतं ते शुभाजवळ होतं. माझ्याजवळ एकदाच आलं आणि ते मी घरातच खर्च करून बसलो.

पुढं तळ्याचं सुशोभीकरण झालं. कुणी मंजूर केलं, कुणी कंत्राट घेतलं, ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारायलाही गेलो नाही. पत्रे लागले. आत पंप दिवसरात्र चालू होते. उन्हाळ्याच्या शेवटी पत्र्याच्या फटीतून पाहिलं तर तळ्याच्या जागी भेगाळलेला काळा खड्डा होता, आणि त्यात उतरलेलं यंत्र गाळ उचलून डंपरमध्ये टाकत होतं. गाळ चांगला काळाशार, लोण्यासारखा. डंपर भरभरून कुठं गेले, कुणास ठाऊक. एका डबक्यात उरलेल्या पाण्यावर बगळे दाटीवाटीनं बसले होते. ते आठवडाभर जेवले असतील.

मग काठाला चारही बाजूंनी सिमेंटची भिंत आली. पाणकणीस गेलं, पायऱ्या गेल्या. फरशीचा रस्ता, कठडा, रंग बदलणारे दिवे, व्यायामाची यंत्रं, मधोमध कारंजं. लोक खूश आहेत. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी तिथं बरं वाटतं. बायका चालतात, म्हातारे बसतात, पोरं सायकली फिरवतात. पण पावसाचं डोंगरावरून येणारं पाणी आता भिंतीला अडतं आणि रस्त्याच्या गटारात जातं, आणि तळ्यात उरतं ते साठवलेलं पाणी. ते हिरवं झालं आहे. कारंजं सुरू झालं की वास सुटतो. लोक म्हणतात, पाणी बदलायला पाहिजे. टाकीतलं बदलतात तसं.

गोडं पाणी हे एका जागी ठेवलेलं पाणी नसतं, हे शुभा शिकवणीतल्या चिमुरड्यांना शिकवायची. ते वरून येतं, खालून झिरपतं, चिखलातून गाळून निघतं, मुळांना धरून राहतं. विहिरीत उतरलेल्या माणसाला झरा कुठून आला ते दाखवता येत नाही, फक्त हाताला गार लागतं. भिंत बांधून ते राखता येत नाही. ती असती तर पहिला पत्रा लागला त्या दिवशी जाऊन उभी राहिली असती, भांडली असती, आणि बहुतेक हरली असती. पण घरी येऊन मला सगळं जसंच्या तसं ऐकवलं असतं. आता हे कुणाला ऐकवावं म्हणून मी लिहितोय, एवढंच.

परवा केतकी आली. शुभाची तिथी अविधवा नवमीला करतो आम्ही. दोघांत मिळून जमेल तेवढं रांधलं, आमटी जरा खारट झाली. गच्चीवर पान ठेवलं. कावळा वेळ न लावता शिवला. संध्याकाळी तीच म्हणाली, "चल, खाली जाऊन येऊ." इतक्या वर्षांत आम्ही दोघं मिळून तळ्यावर गेलो नव्हतो.

फेरी मारायला लागलो. फरशीवर तिच्या चपलांचा आवाज येत होता. कारंजं बंद होतं. कठड्याला जाळी लावून एका बाजूला निर्माल्यासाठी मोठं पत्र्याचं पिंप ठेवलं आहे, ते भरून फुलं बाहेर सांडली होती. केतकी कठड्याशी थांबली, हिरव्या पाण्याकडे बघत राहिली.

"सगळं उपसलं होतं ना?"

"सगळं. गाळसुद्धा."

"कुठं टाकला?"

"माहीत नाही. कुठंतरी भराव घालायला वापरला असेल."

तिनं कठड्यावर हात टेकले. मग पाण्याकडेच बघत म्हणाली, "बाबा, बरं झालं आपण तिला इथं नाही सोडलं. तू बरोबर होतास."

हे वाक्य ऐकायची मी किती वाट पाहिली असेन. गोराईच्या जेट्टीवर, तिच्या छोट्या छोट्या फोनच्या शेवटी, खिडकीत उभं राहून. आता ते आलं, आणि मला त्यात काही घ्यावंसं वाटेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला सोडायचं होतं गं इथं."

तिनं मान वळवली.

"मलाही तिला इथंच ठेवायचं होतं. तुझ्याआधी माझ्या मनात आलं होतं. स्मशानातून येतानाच. मला वाटलं होतं, रोज संध्याकाळी खाली येईन, बसेन."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" तिचा आवाज बदलला होता. "मी इतकं रडले. मला वाटलं, तुला काही वाटतच नाही. तू मामाशी पाण्याच्या योजनेबद्दल बोलत होतास, बाबा."

"कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं," मी म्हणालो. "एरवी ते ती म्हणायची."

पहारेकऱ्यानं बंद व्हायची शिट्टी वाजवली. लोक फाटकाकडे निघाले. केतकी कठडा धरून तशीच उभी होती, आणि मी तिच्या शेजारी उभा राहिलो. त्यानं दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली तेव्हा तिनं डोळे पुसले, माझा हात धरला आणि म्हणाली, "चल. आज राहते मी."